प्रयागबाईंच्या फोटोला हार

चिरंजीव ऋषीस, राजुरीहून चांगदेवकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, लंडनचं हॉटेल आणि टीव्हीवरचा कार्यक्रम बरा चालला असावा. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी आईसुद्धा खुशाल आहे, हे मुद्दाम लिहावं लागतंय.

त्याचं असं झालं. नारायणगावच्या खानावळीतून मुंबई, मुंबईहून बोट, बोटीवरून लंडन, एवढं करून तू मोठा शेफ झालास, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. मासवडीत चीज घालून, वर कसलीशी हिरवी चटणी ओतून तू गोऱ्या लोकांना खाऊ घातलीस (घाल बाबा, तुझं पोट त्यावर आहे), तो व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर आला. मागं भिंतीवर प्रयागवहिनीचा फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि तू डोळे पुसतोयस. इंग्रजी कोणाला कळलं नाय, पण हार सगळ्यांना कळला. मग माझ्या नातीनं, श्रेयानं अर्थ सांगितला, की स्वर्गवासी आईनं जाता जाता ही मासवडी शिकवली. फोटो माझ्या साठीतला आहे. शेजारी मी व्हतो, मला कापलंस, माझा कान तेवढा हारात अडकलाय.

दुसऱ्या दिवशी मंचरहून तुझे मामा टेम्पो भरून आले. बायका वेशीपासून रडत आल्या. तुझी आई ओट्यावर लसूण सोलत बसली व्हती. तिला बघून एकीचा हंबरडा अर्ध्यातच राहिला. मयताच्या घरी चूल पेटत नाय, म्हणून सोयऱ्यांनी कडू घास आणला व्हता, पिठलं-भाकरी. तो परत न्यायचा कसा? मग वहिनीनंच सगळ्यांना वाढला, स्वतःही जेवली, मीठ कमी आहे म्हणाली. आता आयुष्य वाढलं, म्हणून लोक हसले. आम्हीही लई हसलो.

लोक गेल्यावर तिनं अन्न सोडलं. "पोराच्या तोंडून मेले, आता त्याच्याच तोंडून जिती व्हईन," एवढंच म्हणते. व्हिडिओ मात्र रोज लावायला सांगते. पोरानं ओलं फडकं नीट पिळलं न्हाई, वडी चिकटंल, म्हणून हळहळते. मला तुझा लई राग आलाय ऋषी, आणि तिचाही. तू नंबर बदललास, म्हणून श्रेयानं हॉटेलात फोन केला. तिथली बाई म्हणाली, शेफची आई तर कधीच वारली, आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

तर कार्यक्रमात एकदा तो हार काढ, आणि माझी आई आहे, राजुरीत आहे, एवढं सांग. चीज राहू दे.

तुझा काका,
चांगदेव

ता. क. : खोटं का बोललास ते विचारणार नाय. आई मेलेली असली की पदार्थाला चव येते, असं आपल्या खानावळवाल्या रामदासचं म्हणणं. धंद्यातलं आम्हाला काय कळतंय.

आणखी ता. क. : पाकीट टपालात टाकायचं राहिलं. काल सकाळी वहिनी गेली. मंचरला कळवलं, तर मामा म्हणाले, चांगदेवा, पुन्हा थट्टा नको. हॉटेलातली बाई म्हणाली, आम्हाला माहीत आहे. कडू घास कोणी आणला नाय. मीच चूल पेटवून पिठलं टाकलं, मीठ नीट घातलं. तेव्हा हार आता काढू नकोस. फक्त आई गेली, एवढं टीव्हीवर पुन्हा एकदा सांग. इथं आमचं कोणी खरं मानीत नाय.