वगळलेल्या मुलीच्या नावे

मी खाली सही करणारी, सरकारी माध्यमिक शाळेची निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणी कानाशी लागलेले नसताना लिहून ठेवत आहे. मन आणि बुद्धी ठिकाणावर आहेत. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे आणि शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. "म्हातारीला चळ लागला होता," असे माझा मुलगा उद्या म्हणणार, हे त्याची आई म्हणून मला पक्के ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तेवढे भांडण घरात उरले आहे असे मला वाटत नव्हते.

माझ्यामागे मुलगा बाबू, सूनबाई आणि नात चिमू एवढेच वारस आहेत. बाबू आज त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे जिथे मी शिकवले आणि जिथे माझे दिवंगत यजमानही मुख्याध्यापक होते. चिमू तिथेच दहावीत आहे. म्हणजे आमच्याकडे जेवायला बसले तरी शाळाच भरते.

माझ्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईंना द्याव्यात. सूनबाई, घरात शांतता राहावी म्हणून तू गप्प बसतेस. बांगड्या घाल आणि जरा वाजव.

फळ्यावरचा लाकडी कंपास, कोनमापक आणि मोठी पट्टी चिमूची. पट्टी रेघा मारायला आहे. आयुष्यभर मी ती दुसऱ्या कशावर मारली नाही आणि तीही मारणार नाही. बँकेतली ठेव तिच्याच शिक्षणासाठी. तिला वकील व्हायचे आहे, असे ती बोलत होती तेव्हा म्हणायची.

यजमानांची खुर्ची बाबूने न विचारता शाळेत नेली, ती त्यालाच लखलाभ. पण त्या खुर्चीबरोबर त्याने आणखी एक गोष्ट उचलली, जी मी त्याला कधीच दिली नव्हती. तिला शाळेत "वगळणे" म्हणतात.

ही शिक्षा यजमानांनी काढली. छडी नाही, आरडाओरडा नाही. शिस्त मोडणाऱ्याचे नाव हजेरीत घ्यायचे नाही, एवढेच. मूल वर्गात बसलेले असते, पण शिक्षकांनी त्याच्याकडे बघायचे नाही, मुलांनी त्याच्याशी बोलायचे नाही. जो बोलेल तोही वगळला जाईल. वगळलेल्याला काही सांगायचे असेल तर त्याने हात वर करून परवानगीची वाट बघायची. मध्येच तोंड उघडले तर शिक्षा वाढे. परवानगी कोणी देत नसे.

त्या काळात शाळेत आग लागली. मी बाळंतपणाच्या रजेवर होते, हाच बाबू माझ्या मांडीवर होता. मुलांना मागच्या मैदानात रांगेत उभे करून हजेरी घेतली. प्रत्येक नावाला "हजर" आले. यजमानांनी बंबवाल्यांना सांगितले, सगळी मुले खाली आहेत. पण एक मुलगी वरच्या मजल्यावर होती. तिला वगळले होते, म्हणून "खाली चल" असेही तिला कोणी म्हटले नव्हते. तिचे नाव कोणी घेतलेच नाही, त्यामुळे ती कमी आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही.

बंब यायच्या आधी रस्त्यापलीकडच्या शिंपीदादांनी तिला पाहिले. धूर मागच्या बाजूला होता, त्यांना तो दिसला नाही. नंतर ते माझ्या दारात येऊन रडले. "बाई, पोरगी खिडकीत हात वर करून उभी होती. ओरडली नाही, काही नाही. मला वाटलं, वर्ग चालू आहे."

ती हॉस्पिटलातून घरी आली नाही. चौकशीत हजेरी नियमाप्रमाणे घेतल्याचे ठरले. यजमानांनी वगळणे बंद केले, पण आपले चुकले असे मरेपर्यंत म्हणाले नाहीत. मी त्यांना माफ केलेले नाही. माझा फोटो त्यांच्या फोटोशेजारी लावू नये. ही इच्छा नाही, अट आहे.

बाबू मोठा झाल्यावर मी त्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, तो अपघात होता. त्यात शिस्तीचा काय दोष?" यंदा त्याने वगळणे पुन्हा सुरू केले. मुलांनी एकाच दाराने शिस्तीत यावे-जावे म्हणून मागच्या जिन्याला जाळी ठोकून कुलूपही लावले. पालकसभेत टाळ्या पडल्या.

मग एके दिवशी त्याने दहावीच्या वर्गात झडती घेतली. एका मुलीचा मोबाईल काढून घेतला आणि तिचे खाजगी मेसेज सगळ्यांसमोर वाचले. चिमू उभी राहिली. म्हणाली, "सर, शिक्षा करायच्या आधी तिचं म्हणणं तरी ऐकून घ्या. तो तिचा हक्क आहे." शाळेत ती बापाला सरच म्हणते. सरांनी तिचेच नाव हजेरीतून काढले. घरच्यांना सूट नाही हे शाळेला दिसायला हवे ना!

मी भांडले. "अरे, पोटची पोर आहे तुझी!"

"मी हात उगारला का तिच्यावर? ओरडलो? फक्त नाव घेत नाही. यात शिक्षा कुठे आली?"

"मग घे की नाव!"

तो जेवण अर्धवट टाकून उठून गेला. त्यानंतर चिमूशी बोलली म्हणून तिची मैत्रीणही वगळली गेली. आता चिमूशी शाळेत कोणीच बोलत नाही. हळूहळू तीही बोलेनाशी झाली, आधी शाळेत आणि मग घरात. मला फार भीती वाटते. मरणाची नाही, मी नसताना या घरात तिला हाक कोण मारील याची.

आता घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, माझ्या पगारातून बांधलेले. इथे मी "मुलाला या मिळकतीतून वगळत आहे" असे लिहिले होते. वकीलही हाच शब्द वापरतात. लिहिले, वाचले आणि खोडले. खोडल्याजागी माझी छोटी सही आहे. त्याचीच ती वगळण्याची शिक्षा मी त्याला करणार नाही. उलट नाव घेऊन हाक मारते.

बाबू, ऐक. घर तुला आणि चिमूला निम्मे निम्मे मिळेल, पण एका अटीवर. मैदानात, सगळ्या शाळेसमोर, हजेरी तू स्वतः घ्यायचीस. त्यात चिमूचे नाव घ्यायचे, तिच्या मैत्रिणीचे घ्यायचे, आणि उत्तर येईपर्यंत पुढचे नाव घ्यायचे नाही. कितीही वेळ लागला तरी. ऊन लागले तरी. माझ्या तेराव्यापर्यंत हे झाले नाही तर सगळे घर एकट्या चिमूचे, आणि ती सज्ञान होईपर्यंत डॉक्टरीणबाई ते सांभाळतील. याला धमकी म्हणायचे तर खुशाल म्हण. याची एक प्रत आजच तुझ्या हाती पडेल, तेव्हा ती जाळी आजच काढ. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नकोस.

सह्या होण्याआधी एक नोंद करणे भाग आहे. आत्ता या टेबलाशी मी, डॉक्टरीणबाई आणि शिंपीदादा बसलो आहोत. चिमू पलीकडे खिडकीपाशी आहे. मी तिला विचारले, "चिमू, बाळा, पाणी देतेस का गं?" ती उठली नाही, बोलली नाही. माझ्याकडे बघत तिने हात वर केला.

शिंपीदादांनी सहीसाठी घेतलेले पेन खाली ठेवले. ते कसेबसे उठले, तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "बोल, पोरी. वर्ग चालू नाही."

हे लिहीपर्यंत तिचा हात वरच आहे.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: निवृत्त गणित शिक्षिका, चिमूची आजी

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. यांनी मला तपासून, माझ्या देखत सही केली.

साक्षीदार दुसरे: शाळेसमोरचे शिंपीदादा. यांनी तेव्हाही पाहिले होते आणि आजही पाहिले.

ठिकाण: राहते घर, खिडकीची खोली

दिनांक: शाळा भरण्याआधीचा रविवार