चौथ्या नावानंतर

३ ऑगस्ट, रविवार

राबिया गेली. नणंद म्हणून राहायचं तेवढं राहिली. तिची पोरं शिरूरला वाट बघतायत. जाताना पुन्हा सांगितलं – इद्दत संपेपर्यंत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस, उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, परका पुरुष आत येणार नाही, निदान फोन तरी चालू ठेव. मी हो म्हटलं. फोन कपाटात आहे. त्यात चार्ज नाही.

इद्दत मला जड जात नाही. मुजीब नसता तरी मी कुठे जाणार होते. – हे वाक्य चुकलं. मुजीब नाहीच. राहू दे तसंच.

४ ऑगस्ट

संध्याकाळी त्याचा वायरलेस सेट लावला. का, सांगता येणार नाही. खरखर आली. घरात काहीतरी चालू आहे असं वाटलं.

मग आप्पांची हजेरी. हौसराव आप्पा, पारगावचे, नदीला लागून ऊस. मुजीबच्या या जीपवाल्या दोस्तांत वयाने मोठे म्हणून हजेरी तेच घेतात. नाव आलं की 'आहे' म्हणायचं आणि आपल्याकडे पाणी कुठवर आलंय ते सांगायचं. पुराच्या वर्षी टॉवर बंद पडले, कोण कुठे अडकलंय कळेना, तेव्हा मुजीबने हे सुरू केलं. त्याआधी हे सगळे रविवारी नदीपात्रात मुद्दाम जीपा रुतवायचे आणि एकमेकांना दोर बांधून काढायचे. इथे निमोण्यात लोक हसायचे.

तिसरं नाव जालिंदरचं. ओढ्यापलीकडून रोज दूध आणणाऱ्या म्हाळसाचा नवरा. त्याच्या ट्रॅक्टरवर सेट आहे. "आहे. ओढा कोरडा. संपलं."

चौथं नाव आप्पांनी मुजीबचं घेतलं! चुकून असेल. मी माईक हातात धरून बसले होते, तो धरायचा तसा. मूठ आवळली गेली. सगळे गप्प. खरखरसुद्धा थांबली. एवढी शांतता या घरात मी कधी ऐकली नव्हती.

मग पुढचं नाव. ते अर्धंच कानावर आलं. "–नी." केडगावचा गनी, गॅरेजवाला. "आहे. पुलाखाली मोकळं. संपलं."

५ ऑगस्ट

आजही चौथं नाव घेतलं. आजही शांतता. म्हणजे चूक नव्हे.

७ ऑगस्ट

त्या शांततेत बोलले. मोठ्याने. "आज डाळ खारट झाली." एवढंच. बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

८ ऑगस्ट

"गॅस संपत आलाय."

पूर्वी तो सेटवर बसला की मी स्वयंपाकघरातून असंच काहीबाही सांगायचे. तो हात वर करायचा. थांब, हजेरी चालू आहे.

१० ऑगस्ट

जालिंदरने सिलिंडर आणून फाटकाशी ठेवला. म्हाळसाने ढकलत आत घेतला. कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, "पैलं ठिवू कुठं ते सांगा." राबियाचं काम असणार.

१२ ऑगस्ट

जीप शेडमध्ये उभी आहे. खिडकीतून तिची मागची बाजू दिसते. दोर, फावडं, दोन फळ्या, पाण्याचा कॅन, मलमपट्टीची पेटी, दुसरा सेट. सगळं जागच्या जागी. मुजीब दर शुक्रवारी तपासायचा. नऊ नंबरचा चॅनेल संकटासाठी मोकळा ठेवायचा, तिथे गप्पा नाहीत, हे त्याने मलाही शिकवलं होतं. सेट कसा चालवायचा ते शिकवायचं राहिलं. मीच म्हणायचे, नंतर.

तो गेला शिरूरला, बँकेच्या रांगेत उभा असताना. टोकन हातात होतं. जीप रस्त्याच्या पलीकडे उभी होती.

मातीच्या दिवशी गनी दाराबाहेरून राबियाला म्हणाला – नऊ नंबरवर नुसती हाक आली असती तर उडत आलो असतो. खरंच आला असता. रांगेत उभ्या माणसाला नऊ नंबर नसतो.

१३ ऑगस्ट

आप्पा कुठलंही बोलणं 'संपलं' म्हणून थांबवतात. म्हणे फोनवरही. आज हजेरीच्या मधेच मागून कस्तुराबाईंचा, त्यांच्या मंडळींचा आवाज आला. "माझ्यासंगं बोलताना कवा म्हनायचं संपलं?" आप्पा म्हणाले, "तुझं संपू दे की पैलं." सगळे हसत होते. मला हसू आलं का, आठवत नाही. हे आत्ताचंच आहे, तरी आठवत नाही.

१४ ऑगस्ट

एक लक्षात आलं. आप्पा चौथ्या नावानंतर रोज सारखंच थांबत नाहीत. कधी थोडं, कधी पुष्कळ. पण माझं वाक्य झालं, मी श्वास सोडून हात सैल केला, की त्यांचं पुढचं नाव. बोलले नाही तरी तसंच. विद्यार्थ्यांना मी असल्या योगायोगांवर कथा उभी करू द्यायचे नाही.

आजचं वाक्य – "भाकरी थापायचा कंटाळा येतो."

१५ ऑगस्ट

म्हाळसाने दुधाबरोबर भाकरी आणल्या. फडक्यात, गरम. "जालिंदरला दोन जादा झाल्या." जालिंदरला कधी भाकरी जादा झाल्याचं मी ऐकलं नाही.

अर्धी खाल्ली.

१६ ऑगस्ट

नदीकाठच्या एका वस्तीला सेट हवा आहे. वरच्या धरणातून पाणी सोडलं तर त्यांना कळवणार कोण, असं हजेरीत चाललं होतं. घरातला हा माझ्या काही उपयोगाचा नाही. घेऊन जा म्हणून म्हाळसाकडून गनीला निरोप दिला.

उत्तर आलं – असू दे भाभींकडे.

पुन्हा निरोप दिला. उत्तर – जीप बिघडलीय.

गॅरेजवाल्याची जीप!

१७ ऑगस्ट

कॉलेजातून पत्र. रजा वाढवायची आहे का. उत्तर लिहायला बसले. 'महोदय' लिहिलं. पुढे काही आलं नाही.

हे मेलेल्याचं नाव रोज का घेतात? त्यांच्यासाठी तो मान असेल. माझ्यासाठी तो त्या नावापाशी रोज पुन्हा जातो.

१८ ऑगस्ट

शांततेत म्हटलं, "मुजीब, उद्यापासून मी नाही. कंटाळा आला. सगळ्याचाच."

हात सैल केला. आप्पांनी पुढचं नाव घेतलं नाही. बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "आज एवढंच. संपलं." गनीचं नाव राहिलं, त्याच्यामागच्यांचीही राहिली. असं कधी झालं नव्हतं.

सेट बंद केला. वायर काढली. माईक उलटा ठेवला. वस्तीवाल्यांनी न्यावा, नाहीतर राहू दे.

जेवणवेळेला म्हाळसा आली, भिजत. विरजण मागायला. तिच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. विरजण घेऊन गेली नाही. बसून राहिली, म्हशीचं बोलत राहिली. मी झोपते म्हटलं तेव्हा उठली.

१९ ऑगस्ट

पाऊस. ओढा भरून वाहतोय, आवाज इथवर येतो. म्हाळसा येऊ शकली नाही. दूध नाही. चहा नाही. केला नाही.

दिवेलागणीला सेटकडे बघितलं. उठले नाही.

२० ऑगस्ट

सकाळी हॉर्न. थांबेचना.

खिडकीतून बघितलं. फाटकाबाहेर गनीची जीप, बॉनेटवर गाळ. मागे बांधलेला दोर ओढ्याकडे गेलेला. पलीकडच्या काठाला जालिंदरचा ट्रॅक्टर उभा, त्याला दुसरं टोक. बिघडलेली जीप ओढ्याच्या पाण्यातून आली होती. गनी छातीपर्यंत ओला. घराकडे पाठ करून उभा राहिला.

"भाभी, आत येत नाही. नुसता आवाज द्या."

माझा आवाज फुटेना. दोन दिवस वापरला नव्हता.

"बोलायचं नसलं तर भांडं वाजवा."

पातेल्यावर पळी मारली.

तो मान खाली घालून जीपमधल्या माईकवर बोलला. "आप्पा, भांडं वाजलं. संपलं."

सेट खरखरला. मग आप्पांचा आवाज, "पुना वाजवाय सांग."

पुन्हा वाजवलं.

दाराआडून विचारलं, एक हजेरी चुकली म्हणून एवढ्या पाण्यातून कोणी येतं का? आणि मी तर हजेरीत नाहीच.

गनी पाठमोराच होता. "आहात," म्हणाला. दुधाची पिशवी फाटकाला अडकवली. दोर सोडला नाही. त्याच दोराने परत गेला. ओढ्याच्या मधोमध जीप तिरकी झाली तेव्हा मी उंबऱ्याबाहेर आले होते. हे राबियाला सांगायचं नाही.

चहा केला.

२१ ऑगस्ट

ओढा उतरला. म्हाळसा आली, उंबऱ्यावर बसली, पदराशी चाळा करत राहिली. "ताई, रागावू नगा. मुजीबभाऊंचं नाव आलं की माईकचं बटन तुमी दाबून धरता. पैल्या दिसापास्नं. दाबलं की आमचं तुमास्नी न्हाई ऐकू येत, तुमचं समदं आमास्नी येतं. सांगितलं तर तुमी गप व्हाल, म्हनून आप्पांनी कुनाला सांगू दिलं न्हाई."

डाळ. गॅस. भाकरी. सगळ्याचा कंटाळा.

संध्याकाळी वायर जोडली. आप्पांनी चौथं नाव घेतलं. मुजीबचंच. बटण दाबलं, या वेळी बघून. भांडं वाजवलं.