पिंजरे सोडायचा दिवस

६ नोव्हेंबर
कंबरेच्या उपचाराला गेलो एकदाचा! यारमथच्या दवाखान्यातला टँक. छातीएवढं कोमट पाणी, आणि मी कठडा घट्ट धरून. फिजिओ टेसा हसली — "वेन्डेल, जन्मभर समुद्रात शेवंडं पकडलीत, आणि इथे भिताय?"
आता हिला काय सांगू! आमच्यात पोहायला शिकतं कोण? वडील म्हणायचे, इथल्या बर्फगार समुद्रात पोहणारा जास्त वेळ तडफडतो. थोरला भाऊ एल्डन बोटीवरून पडला, त्यालाही येत नव्हतं. फार वेळ लागला नाही.

१३ नोव्हेंबर
पाण्यात चाललो. मग फोमची नळी काखेत धरून पाय सोडले — आणि कंबर दुखायची थांबली! कित्येक वर्षांनी. रडूच आलं. तोंड ओलंच होतं, बरं झालं.
शिडी चढून बाहेर आलो, दुखणं पुन्हा हजर.

१६ नोव्हेंबर
धक्क्यावर शेवंडांचे पिंजरे रचताहेत, हंगाम उघडला की समुद्रात सोडायला. आमिषाचा वास घरापर्यंत येतो. जीव नुसता तिकडे ओढ घेतो.
बोट आता मार्ला चालवते, माझी लेक. म्हणाली, "पिंजरे सोडायच्या दिवशी चल ना बाबा. सुकाणूपाशी नुसता बस." नुसता बस! मी काय शोभेला? येणार, आणि पिंजरे उचलणार!

२२ नोव्हेंबर
आज नळीशिवाय. टेसाने पाठीखाली हात धरला होता. कधी काढला, कळलंच नाही. तरंगत होतो मी — पोट वर करून!
एल्डनला एवढं तरी यायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर
अंगणात रिकामा पिंजरा उचलून पाहिला. वाकलो तो वाकलोच. मार्लाने धरून आत आणलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
मी जात नाही. यंदा नाही, आणि पुढेही नाही. फार जावंसं वाटतं.

२७ नोव्हेंबर
वारा सुटला, म्हणून पिंजरे सोडणं उद्यावर गेलं. बोट लादून तयार, मार्ला वैतागलेली. म्हटलं, "गाडीत बस." टेसाला आधीच विचारून ठेवलं होतं.
आमची कप्तानीण टँकचा कठडा सोडेना! तिच्या पाठीखाली हात धरला. "पाय सैल सोड, पोरी. वर बघ."
हात काढून बराच वेळ झाला, तरी डोळे मिटून म्हणतेय — "सोडू नकोस हं, बाबा!"