लाल गाडीच्या डाव्या गालावरचा पोचा

आये, गाडी घेतली मी. ट्रक नव्हे. ट्रक तुझ्या मागे बरेच झाले, बर्फ आणि मासळी घेऊन रोज मुंबईला जातात, त्यांचं कौतुक आता घरात कुणाला राहिलेलं नाही. ही ती गाडी. बंगल्यातल्या साहेबांची लाल, बिनछपराची, दोनच माणसं मावणारी, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी. तू तिला ‘मेली खेकडी’ म्हणायचीस. केवढ्याला घेतली ते विचारू नकोस, ऐकलंस तर वरून चप्पल फेकशील. घरात मी सांगून ठेवलंय की असल्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा भाव वाढतच जातो, सोनं घेतल्यासारखंच आहे. जावयाने मान डोलावली. तुझी नात मात्र हसत सुटली. ‘मम्मी, तुला सायकल तरी येते का?’ म्हणाली. खरं आहे. इतक्या गाड्या माझ्या नावावर, पण मी कायम डाव्या बाजूला बसणारी.

त्या गाडीच्या किती गोष्टी होत्या आपल्या पाड्यात, आठवतं? कुणी म्हणे, ती एका राजपुत्रासाठी बोटीतून पेटीत बंद होऊन आली आणि त्याने ती एका रात्रीत पत्त्यांत घालवली. कुणी म्हणे, सिनेमात तिच्यात बसून नायिकेने गाणं म्हटलं होतं. बाबा तर छातीठोकपणे सांगायचे की तिच्या मागच्या जादा चाकात घड्याळं भरून आणत. त्यांनी ते चाक कधी जवळून पाहिलंही नव्हतं. साहेब यातलं काहीच नाकारत नसत. ओहोटी लागली की गाडी घेऊन किनाऱ्यावर यायचे, ओल्या कडक वाळूवरून एक मोठी फेरी मारायचे, आणि आम्ही पोरं आवाजामागे पळायचो. तू मात्र पाटी डोक्यावर घेऊन सरळ बंगल्याच्या मागच्या दाराला जायचीस आणि सुरमईच्या भावावरून त्यांच्या स्वयंपाक्याशी भांडायचीस.

त्या दिवशी सगळे पुरुष दर्यावर गेलेले. तुम्ही बायका वलांड्यांच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घालताय, दोन दोन जबडे एकमेकांत अडकवून, बांबू कसे वाकलेत वजनाने. मी तुझ्या पदराला धरून उभी आहे. तेवढ्यात साहेबांची गाडी मऊ वाळूत रुतते. साहेब जितका आवाज करतात तितकी ती खाली जाते, आणि भरती तर लागलेलीच आहे. मग ते टोपी हातात घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही होडी ओढायचा दोर आणलात, चाकांखाली होडीचेच ओंडके सरकवलेत. स्टिअरिंगचं चाक धरायला आत कुणीतरी हलकं बसायला हवं होतं. साहेब बसायला निघाले तर तुझी मावशी म्हणाली, ‘सायब, तुमी उतरा, तुमीच सगल्यात जड हाव.’ सगळ्या जणी हसल्या आणि बोट तुझ्याकडे गेलं. तू सगळ्यांत किडकिडीत, शिवाय सुकाणू धरणारी पाड्यातली एकटी बाई. आजोबांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी तुला होडी शिकवली होती. तुझी स्वतःची होडी होती, रोज सकाळी पाट्या भरून खाडीपलीकडच्या गावांत जायचीस, सुट्टीत मला घेऊन. सुकाणूचा दांडा माझ्या हातात देऊन वर आपला हात ठेवायचीस. ‘उजवीकडं जायचा तं दांडा डावीकडं दाब,’ म्हणायचीस.

साहेबांनी तुला पायाखालचं एक काय ते दाबायला सांगितलं. तू दाबलंस. इकडे बायकांनी ‘हैय्या’ केलं आणि गाडी एकदम सुटली, ओंडक्यांवरून उडालीच म्हण ना. साहेब मागून ओरडताहेत, ‘उजवीकडे! अहो बाई, उजवीकडे!’ आणि तू, होडीवर वळवतात तसं, सगळं अंग घालून चाक डावीकडे दाबलंस. गाडी डावीकडे वळून थेट वलांडीत घुसली. खांबाचा दणका तिच्या डाव्या गालावर बसला, आणि वरचे सगळे ओले बोंबील तुझ्या डोक्यावर, मांडीवर, त्या पांढऱ्या चामड्याच्या सीटवर. साहेब लालबुंद होऊन आले, ‘बाई, डोळे आहेत का? उजवं-डावं कळत नाही?’ आणि तू केसांतला बोंबील काढत, जराही न घाबरता म्हणालीस, ‘अवं सायब, होरी अशीच वलते! तुमची गारीच उलटी हाय, मी काय करू?’

मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, आये. पण संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या आणि गोष्ट पुरुषांच्या तोंडी गेली. सगळ्यांत जास्त हसले बाबाच. मग तू पाणी भरायला निघालीस तरी कुणीतरी ओरडायचं, ‘उजवीकडं गं, उजवीकडं!’ तूही हसायचीस. आणि हसता हसता तू होडी चुलतमामाला देऊन टाकलीस. ‘पाट दुखते,’ एवढंच म्हणालीस. पुढे सगळा जन्म लाँचची वाट बघत जेट्टीवर बसलीस, पलीकडे पोचेपर्यंत उशीर व्हायचा, दुसऱ्या बायकांनी गिऱ्हाइकांची घरं गाठलेली असायची, मग नरम पडलेली मासळी मिळेल त्या भावाने द्यायचीस. लाँचमध्ये मी तुझ्या शेजारी बसायचे. लाट आली की पाटीच्या काठावरचा तुझा हात आपोआप हलायचा, दांडा दाबल्यासारखा. ते मी कुणाला सांगितलं नाही. एक साधी चूक, तीही गाडीवरची, आणि त्यापायी तू खाडी सोडलीस याचा मला राग होता. अजून आहे. लोकांवर, बाबांवर, थोडा तुझ्यावरसुद्धा.

मध्यंतरी आमच्या जुन्या ड्रायव्हरचाचांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला, विकायला काढलेल्या गाडीचा. लाल रंग विटलेला, पण डाव्या गालावर तो पोचा जसाच्या तसा. मी दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरी पकडून दिघीला गेले. पलीकडे साहेबांच्या नातवाची वाडी आहे, तिथे ताडपत्रीखाली ती उभी होती. मुलगा चांगला आहे, पंचविशीतला, आजोबांसारखंच नाक. त्याने मला गाडीचा सगळा इतिहास ऐकवला, राजपुत्र, पत्ते, सिनेमा, सगळं आलं. मग पोच्यावर हात ठेवून म्हणाला, ‘आणि हा शर्यतीतला अपघात. शेवटच्या वळणावर. आजोबा पाहुण्यांना नेहमी सांगायचे.’

आधी मला संताप आला. मग हसू आलं, असं आलं की तिथल्या बाकड्यावर बसावं लागलं. म्हणजे साहेबही लाजले होते गं! कोळणींनी गाडी ओढून काढली हे त्यांना आयुष्यभर सांगवलं नाही. मी त्या मुलाला सगळं सांगितलं, दोर, ओंडके, बोंबील, तुझं उत्तर. तो पोच्यावरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, झालं, याच्या शर्यतीवर मी पाणी ओतलं, आता हा गाडी देत नाही. मग हळूच म्हणाला, ‘आजी दर पावसाळ्यात म्हणायची, या गाडीला सुक्या मासळीचा वास येतो. आजोबा तिला वेड्यात काढायचे.’

मुंबईचा एक शौकीन रविवारी येणार होता. तो गाडी पार सोलून नवी करणार, पोचा ठोकून सपाट करणार. असल्या गाड्या तशाच चकचकीत करतात म्हणे. तुझं एवढंच काय ते जगात उरलंय, आये. होडी तर मामाकडे कधीच कुजली. मी त्या मुलाला म्हटलं, ‘मी पोच्याला हात लावणार नाही.’ त्याने विचारलं, ‘तुम्हाला चालवता येते?’ म्हटलं, ‘शिकेन.’ या वयात तो शब्द माझ्या तोंडून कसा सहज निघाला, मलाच नवल वाटलं. त्याने रविवारची वाट पाहिली नाही.

येताना चाचांनी गाडी फेरीवर चढवली तर सगळे तिच्याभोवती जमले, फोटो काढत होते. मी आत तुझ्या जागेवर बसून होते. तुझीच खाडी, वारा चांगला सुटलेला, चाकावर हात ठेवले आणि वाटलं, आता शिकायचंच. चाचांनी मनावर घेतलं. रोज सकाळी ट्रक सुटले की आमच्या बर्फाच्या कारखान्याचं अंगण मोकळं होतं, तिथे मी गोल गोल फिरते. पहिले काही दिवस गाडी नुसती उचक्या देत होती. आता चालते. मावशी, तुझी मावशीच, अजून आहे हां, दात सगळे गेले तरी जीभ शाबूत. अंगणाच्या कडेला कोलंबी सोलत बसते आणि माझी परीक्षा घेते.

परवा चाचा ओरडले, ‘बाई, डावीकडे घ्या, डावीकडे!’ आणि माझे हात उजवीकडे गेले. सगळं अंग घालून. मासळीच्या रिकाम्या क्रेटांचा डोंगर कोसळला आणि गाडीच्या उजव्या गालावर छानसा पोचा आला. क्रेट अजून गडगडत होते तोवर मावशीचा आवाज आला, ‘आयशीची पोर ती! गारी उलटीच चालवनार!’ मी वर पाहिलं. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. ‘तुझ्या आयशीसारखी होरी कुनी न्हाय चालवली खारीत,’ म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे तेव्हा तुझ्यासमोर म्हणाली असती तर, असं मनात आलं, पण नुसता तिच्या गालावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकावर बसले, कारण तिथेच तू थांबली होतीस.

आता नीट वळवते. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे लायसनची. पास झाले की पहिली फेरी जेट्टीपर्यंत, मावशीला शेजारी बसवून, मांडीवर पाटी. हा कागद कुठल्या पेटीत टाकणार, गाडीच्या पुढच्या खणात ठेवते आहे. आणि एक. नवा पोचा कसा आला म्हणून घरात सगळे विचारतात, त्यांना मी सांगितलंय, जुनी गाडी, ब्रेक लागला नाही. ब्रेक चांगला लागतो, आये. हात तुझे होते.