आरसा धरणारी

लातूर
एप्रिल १९८६

प्रिय शरणू,

तुझं पत्र शिवरात्रीच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला, आईवर रागावू नकोस. तू एकच विचारलंस, आप्पा मला घरात घेतील का? ते बोलवत असतील तरच येते, नाहीतर आजारपणात त्यांच्या जिवाला आणखी ताप नको, असंही लिहिलंस. आता याचं उत्तर मी कुठून आणू, सांग. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली, उजवा हात उचलत नाही. दुसरा झटका आला तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुझं नाव काढलं की डोळे मिटून घेतात. त्याचा अर्थ मी काय लावायचा? धडधाकट होते तेव्हा तरी कुठं बोलत होते. तू कुणाला न विचारता नरसिंगरावांशी लग्न करून नांदेडला गेलीस, त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत. दिवसभर नुसती छिन्नी चालवत बसले.

इकडचं म्हणशील तर लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं. टँकरचा आवाज आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळते, त्यात मीही पळते. शेजारची कमलम्मा म्हणते, आधी तालुक्याला तहान लागायची, आता जिल्ह्याला लागती.

तर मी ठरवलं, आप्पा सांगत नाहीत ना, मग त्यांचं काम काय सांगतं ते बघावं. तुला खोटं वाटेल, पण त्यांनी घडवलेला एकही नंदी मी देवळात बसलेला पाहिला नव्हता. दगड घरात येताना बघितला, नंदी होऊन बैलगाडीतून जाताना बघितला, मधला धुरळा झाडला, झालं. तू गेल्यावर त्यांनी जे केलं, त्यात तुझी काहीतरी खूण सापडेल असं वाटलं. आप्पांपाशी कमलम्माला बसवलं आणि एसटी धरली.

आधी अहमदपूरला उतरले. तो नंदी तुला आठवत असेल. तुला तेव्हा परकर नीट सावरत नव्हता. आपल्या घरची रीत अशी, की नंदीचे डोळे घरी उघडायचे नाहीत. देवळात बसवला की कारागिराच्या लेकीने समोर आरसा धरायचा, मग डोळ्यांचे शेवटचे घाव घालायचे, म्हणजे नंदी डोळे उघडून पहिल्यांदा स्वतःलाच बघतो. तूच नंतर सांगायचीस, त्या दिवशी तू आरशाचं ऊन आप्पांच्याच डोळ्यांवर पाडलंस. ते खेकसले, तू भोकाड पसरलंस, आणि मग एसटीतून उतरल्यापासून घर येईपर्यंत त्यांनी तुला खांद्यावरून उतरवलं नाही. मी त्या नंदीसमोर पुष्कळ वेळ बसले. गळ्यातल्या घुंगरांची माळ काय घडवली आहे गं! आणि नजर अशी, की आत्ता वैरणीसाठी हंबरेल. इतकी वर्षं या माणसाला भाकरी वाढली, पण तुमचं काम मला लई आवडतं, असं कधी तोंडावर म्हणाले नाही.

तिथून कंधारकडच्या एका खेड्यात गेले. तिथला नंदी तू गेल्यानंतरचा. शिंगं, वशिंड, पाय दुमडून बसण्याची ढब, सगळं अहमदपूरच्याहून सरस. डोळ्यांच्या जागी मात्र सपाट दगड. देऊळ झाडणारी धुरपताबाई तिथंच होती. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मोकळेपणी ऐकवलं. म्हणाली, "आमचा नंदी झोपलाय बाई, त्याला दुष्काळ दिसंनाच झालाय. कारागीर म्हनला, आरसा धरनारी आली की येतो. गेला तो गेला, परत आलाच न्हाई." पाऊस नाही म्हणून घरटी घागर आणून त्यांनी महादेवाचा गाभारा भरला, प्यायला नसताना. तरी ढग नाही. मग दोष नंदीवर आला. निवडणुकीच्या भिंती रंगवणाऱ्या रंगाऱ्याला बोलावून ऑइलपेंटचे डोळे काढून घेतले, तर ते निघाले तिरळे. एक डोळा महादेवाकडे, एक पाटलाच्या वाड्याकडे. पाटलीणबाईंनी दुसऱ्या दिवशी रॉकेल लावून पुसायला लावले. मला हसू आलं, मग मी त्या सपाट दगडावरून हात फिरवला. तू गेल्यावर गावातलीच कुणाची तरी लेक आरसा धरत असेल, असं मी आपलं धरून चालले होते.

शेवटचा नंदी नांदेडला, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरच्या मठात. तू रोज त्यावरून जात असशील. त्यालाही डोळे नाहीत. मठातल्या स्वामींना आप्पा चांगले आठवत होते. ते म्हणाले, बसलिंगप्पांनी आरसा बरोबर आणला होता, उपरण्यात गुंडाळून. नंदी बसवून झाल्यावर तुझी नि नरसिंगरावांची गल्ली कुठली ते त्यांनी विचारलं. कोपऱ्यापर्यंत गेले, तिथं बराच वेळ उभे राहिले आणि परत आले. दिवेलागणीला आरसा पुन्हा गुंडाळला आणि लातूरच्या गाडीला गेले.

घरी आल्यावर मी त्यांना म्हणाले, सगळे नंदी बघून आले, नांदेडचाही. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, ते चहा निवून गेला तरी सोडलं नाही.

आता खरं लिहिते. स्वामींचं ऐकून मी तशीच तुझ्या दारात आले होते. कुलूप होतं. पायरीवर बसले. दोरीवर तुझी हिरवी साडी वाळत होती, ती हातात धरून बसले. शेजारणीने तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कोण? माझ्या तोंडून निघालं, कुणी नाही, मठात आले होते, जरा टेकले. आणि उठले. म्हणजे आप्पा कोपऱ्यावरून फिरले आणि मी पायरीवरून. आप्पांचा हात आता चालायचा नाही. आरसा तू धर, घाव कुणी घालायचे ते मग बघू. नरसिंगरावांनाही घेऊन ये. आप्पा बोलवतात की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी बोलवते. ये.

तुझीच,
अव्वा