आमची शाळा, श्रेणी अ

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुटी संपली. पटावर सदतीस, हजर एकवीस. बाकीचे कापूस वेचायला.
केंद्रप्रमुख रामसिंग साहेबांचा मेसेज. प्रत्येक शाळेनं स्वतःचं मूल्यांकन स्वतः करून पोर्टलवर भरायचं. एकशेवीस प्रश्न, प्रत्येकाला फोटोचा पुरावा. त्यावरून श्रेणी: अ, ब, क नाहीतर ड.
संकल्प: अ. त्याखाली काही चालणार नाही. नोकरीला बावीस वर्षं झाली, मुख्याध्यापक होऊन चार, पण माझ्या गुणांची नोंद अजून कुठंच झालेली नाही. शेजारच्या तांड्यावरच्या शाळेचे देवीलाल राठोड सर मला ज्युनिअर, तरी बैठकीत पुढच्या खुर्चीवर बसतात.

४ नोव्हेंबर
नसरीन मॅडमशी चर्चा. शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पण मला ऑनलाइन कामं फार, म्हणून मधलं दार उघडं ठेवून चारही वर्ग त्याच बघतात. ही पद्धत माझीच. फॉर्ममध्ये 'नावीन्यपूर्ण उपक्रम' या रकान्यात टाकायची.
मॅडमचं म्हणणं, जे आहे ते भरू. चौदा मुलांना वाचता येत नाही, दुसऱ्या खोलीचं छत गळतं. क-ड शाळांना मदत म्हणून शिक्षक आणि खोलीची दुरुस्ती मिळणार आहे, परिपत्रकाच्या पान सहावर. मी पान दोनपर्यंतच वाचलं होतं, कारण मुद्दा तिथंच लक्षात आला. मॅडम हुशार आहेत, पण विचार छोटा करतात.

७ नोव्हेंबर
परसबाग. प्रश्न सेहेचाळीस. आपली होती, बकऱ्यांनी खाल्ली. शाळा समितीचे अध्यक्ष बापूजी यांच्या वाडीतल्या मेथीत चार मुलं झाऱ्या घेऊन उभी केली. मागून बैल आला, तो क्रॉप केला. स्तर चार, म्हणजे सगळ्यात वरचा.
ग्रंथालय. कपाटाची किल्ली सापडत नाही. बंद कपाटाचा फोटो टाकला. पुस्तकं सुरक्षित आहेत हे त्यातून चांगलं दिसतं. स्तर चार.
छत. आज पाऊस नाही, त्यामुळे गळत नाही. स्तर चार.

१२ नोव्हेंबर, दुपारी
वाचनाचा व्हिडिओ. मॅडमनं दुसरीतल्या सलोनीला पुढं केलं. जूनमध्ये तिला अक्षरओळख नव्हती; मॅडम मधल्या सुटीत तिला घेऊन बसायच्या. आता बोट ठेवून अक्षरं जुळवते. छानच, पण एका ओळीला दीड मिनिट, आणि पोर्टल दोन मिनिटांच्या वर घेत नाही. शेवटी चौथीतल्या ऋतिककडून दुसरीचं पुस्तक वाचून घेतलं. उंची कळू नये म्हणून बसवून. सलोनी रडली. मॅडम तिला घेऊन निघून गेल्या. तांत्रिक बाजू प्रत्येकाला कळत नसते.

१५ नोव्हेंबर
फॉर्म सबमिट. एकशेवीसपैकी एकशेसतरा ठिकाणी स्तर चार. तीन मुद्दाम खाली ठेवले, कोणाला संशय नको.
घरी सांगितलं. विमल भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेपर तुम्हीच लिवला, तपासलाही तुम्हीच. मंग नंबर दुसऱ्याचा येईन काय?"
नवरा म्हणून ऐकून घेतलं.

९ डिसेंबर
निकाल. अ! अख्ख्या केंद्रात एकटी आमची.
देवीलाल सरांची ड. बैठकीत त्यांच्या पाठीवर हात ठेवला, धीर दिला. जे होतं ते लिहिलं, असं म्हणत होते. माणसानं इतकं खचून जाऊ नये. आज पुढच्या खुर्चीवर मी बसलो. तिचा एक पाय हलतो.

१९ डिसेंबर
देवीलाल सरांकडे इंजिनिअर येऊन गेला. त्यांचे पत्रे बदलणार. आम्हाला प्रमाणपत्र आलं. फ्रेम करून दुसऱ्या खोलीत लावलं, म्हणजे ओलीचा डाग झाकला गेला.
साहेबांचा फोन. जादा शिक्षक कमी पडताहेत, म्हणून अ शाळेतला एक अनुभवी शिक्षक ड शाळेत सत्र संपेपर्यंत मार्गदर्शन करायला जाणार. नाव नंतर कळवतो म्हणाले. कळवायचं काय त्यात? सफारी शिवायला टाकला. भाषणाचे मुद्दे काढले. सुरुवात देवीलाल सरांच्या प्रामाणिकपणापासून करीन. त्यांना बरं वाटेल.

२४ डिसेंबर
आदेश आला. नाव नसरीन मॅडमचं. पाच जानेवारीपासून.
साहेबांना फोन केला. म्हणाले, मुख्याध्यापकाला शाळा सोडता येत नाही, आणि तसंही तिथं शिकवणारं माणूस पाहिजे होतं. शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून चुकून गेलं असावं.
दुपारी बापूजी आले. मॅडम गेल्यावर पोरायले कोन शिकवीन, असं विचारलं. मी म्हटलं, मी आहे ना. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत बसले.

२७ डिसेंबर
पुसदला साहेबांकडे जाऊन आलो. आदेश थांबू शकतो. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्यायचं, की भरलेली माहिती चुकीची होती, फोटो खरे नव्हते. खाली सही. मग फेरतपासणी होईल, श्रेणी खाली येईल, मॅडम राहतील. कदाचित खोलीही मिळेल.
घरी येऊन अर्ज लिहिला. अक्षर सुंदर आलं आहे. सोमवारी देतो, असं मॅडमना फोनवर कळवलं.

२९ डिसेंबर
गेलो नाही. साहेब दौऱ्यावर असतील.

३१ डिसेंबर
वर्षाचा शेवट कबुलीनं करणं बरं दिसत नाही.

१ जानेवारी
सुरुवात तर अजिबातच नाही.
मॅडमनं विचारलं, अर्ज दिला का. प्रक्रिया सुरू आहे म्हणालो. एरवी त्या माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतात. आज तसं नव्हतं. "सर, मले जायचं नाही. दुसरी आता कुठं वाचाले लागली. दोन महिने सुटलं तं सारं विसरून जाईन."
उद्या नक्की.

२ जानेवारी, शुक्रवार
पुसदला गेलो. साहेबांची भेट झाली नाही.

३ जानेवारी
सावित्रीबाईंची जयंती. मुलींच्या शिक्षणावर अर्धा तास बोललो. मॅडमचा निरोप समारंभ त्यातच उरकला. त्यांना प्रमाणपत्राच्या फ्रेमसोबत फोटोला उभं केलं. त्या हसल्या नाहीत, त्यामुळे तो पोर्टलवर टाकण्यासारखा नाही.

५ जानेवारी, सोमवार
मॅडम तांड्यावर रुजू झाल्या. चारही वर्ग माझ्यापुढं. हजर तीस.
दुसरीचं पुस्तक उघडलं. कोणाचं कुठपर्यंत आलं आहे, माहीत नाही. मुलांनाच विचारलं, तर म्हणाली, मॅडमले ठाऊक आहे. पहिलीतल्या नऊपैकी सहा जणांची नावं हजेरीत बघावी लागली. अकरा वाजेपर्यंत एक धडा मीच मोठ्यानं वाचला. मुलं ऐकत होती की वाट पाहत होती, कळलं नाही. नंतर पाढे म्हणायला लावून मी व्हरांड्यात येऊन बसलो. लाज वाटली. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता येईल का, ते बघितलं. येत नाही.
अर्ज सफारीच्या खिशात आहे. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. त्या दिवशी मी दोन वाजल्यापासून ऑफिससमोरच्या टपरीवर बसलो होतो. चार चहा घेतले. साहेब जागेवर होते. खिडकीतून मला दिसत होते.