नऊ खंडेनवमींचे इंजिन

मी, त्रिंबक भिकाजी दिघे, ज्याला सारे गाव अण्णा म्हणते, वय वर्षे सदुसष्ट, धंदा तांदळाचा व्यापार, राहणार भिसेगाव, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, आज न्याहारी करून, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपणाबद्दल वकिलांनी दोनदा विचारले. पत्नी शेजारच्या खोलीत सुपारी कातरीत बसली आहे, त्याहून अधिक दडपण नाही. गेल्या महिन्यात छातीत कळ आली म्हणून हे काम हाती घेतले, नाहीतर आणखी पुढे ढकलले असते. पुढे ढकलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे खालील मजकुरावरून दिसेलच.

कलम पहिले. भिसेगावचे राहते घर, परसातली विहीर व फणस यांसह, माझी पत्नी सौ. द्वारका हिला. तिच्याशी असलेले एक भांडणही येथेच मिटवतो. गिरणीत सडलेला, म्हणजे यंत्राने कोंडा काढलेला, तांदूळ मी एका घासात ओळखीन, असे मी चारचौघांत नेहमी सांगत असे. चार वर्षांपूर्वी तिने आख्खा श्रावण साजगावच्या गिरणीचा तांदूळ शिजवून घातला आणि मी रोज "हातकांडणीची चव ती चव" म्हणत दुसऱ्यांदा भात मागून घेतला. भाद्रपदात तिने खरे सांगितले. त्यावर मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही, याबद्दल क्षमा मागतो. तांदूळ चांगला होता.

कलम दुसरे. कर्जत स्टेशनाजवळची वखार, तीतील उखळे, मुसळे, सुपे, तागडी आणि 'दिघे आणि मंडळी, हातकांडणीच्या तांदळाचे व्यापारी' ही पाटी, माझ्या दिवंगत भावाचा मुलगा चि. हरी याला. तो बारा वर्षे माझ्याबरोबर दुकान पाहतो आहे. पाटीवरची मंडळी म्हणजे तो एकटाच.

कलम तिसरे. माझ्या गादीमागच्या कपाटातील, 'विचाराधीन' अशी चिठ्ठी लावलेली पत्र्याची पेटीही हरीलाच. तीत त्याने वेळोवेळी लेखी केलेल्या सूचना आहेत: मुंबईच्या खाणावळींना नमुन्याच्या पुड्या पाठवाव्यात, पोत्यावर नाव छापावे, पुण्याला माल मोटारीने धाडावा, आणि इंजिन चालू करावे. ही शेवटची सात वेळा आहे. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात शेरा आहे, "सूचना उत्तम. पाडव्याला विचार करू." पाडवे आले, आम्ही श्रीखंड खाल्ले, आणि पेटी भरत गेली. हरीने कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

कलम चौथे, हेच मुख्य. वखारीच्या मागच्या खोलीत एक तेलाचे इंजिन व भात सडण्याचे यंत्र आहे. ते मी सन १९२२ च्या दिवाळीत मुंबईहून आणले. साजगावचे मालोजीराव पाटील गिरणी काढणार अशी कुणकुण लागली होती, तेव्हा आपणच आधी जाऊन इंजिन उचलले की त्यांच्या हाती काही राहणार नाही, असा माझा डाव होता. जगात ते एकच इंजिन आहे अशी माझी समजूत कशी झाली, हे मला आजही सांगता येत नाही. दोन महिन्यांत मालोजीरावांनी त्याच दुकानातून याहून मोठे आणले, आणि वर मला पेढे पाठवले.

माझे इंजिन मात्र एक दिवसही चालले नाही. दर खंडेनवमीला आम्ही ते पुसतो, झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो आणि कुलूप लावतो. अशा नऊ खंडेनवमी झाल्या. इतकी पूजा आमच्या कुलदैवताचीही झालेली नाही.

कोणी विचारले की मी सांगे, इंजिन चालू केले तर कांडपाच्या चौदा बायकांच्या पोटावर पाय येईल. या बायका डोंगराकडच्या ठाकरवाडीतून येतात. मजुरीखेरीज भातातून निघालेली कणी आणि कोंडा त्यांचा, अशी माझ्या वडिलांपासूनची रीत आहे. माझे कारण खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे आज लिहितो. मुसळाच्या आवाजावरून उखळात भात किती सडायचा राहिला हे मी गादीवरून सांगू शकतो. इंजिनातले मला काही कळत नाही. आपल्याच वखारीत आपण अडाणी ठरू, याची मला भीती वाटत होती.

दरम्यान गिऱ्हाईक साजगावला गेले. काम कमी झाले तशा बायका गेल्या. त्यांचे पोट सांभाळता सांभाळता मी नऊजणी घालवल्या. आज पाच उरल्या आहेत आणि हाच कारभार चालला तर येत्या पावसाळ्यापर्यंत त्याही राहणार नाहीत, व पाटीही राहणार नाही.

सबब, माझ्या मृत्यूनंतर हरीने इंजिन चालू करावे. पाचही बायकांना त्यावर कामाला ठेवावे, आणि त्यांच्यातली वडीलधारी जी ठमी, तिला मुकादम करावे.

येथवर लिहून झाल्यावर वकिलांनी विचारले, "अण्णा, त्या बाईला हे मान्य आहे का?" मी म्हटले, तिच्या भल्याचेच आहे. ते म्हणाले, "ते ठीक. विचारलेत का?" म्हणून लेखणी ठेवून वखारीत गेलो. पुढचा मजकूर परत आल्यावर लिहिला आहे.

ठमी भात पाखडत होती. मी म्हटले, "ठमे, मी गेल्यावर हरी इंजिन चालू करील. तू मुकादम. चालेल ना?"

तिने सूप खाली ठेवले. "तुमी जानार कवा?"

"ते अजून ठरलेले नाही."

"मंग तवर आमी कांडतच बसायचं व्हय? खांदं गेलं आमचं, अण्णा. दर साली त्या इंजनाला कुकू लावतो नि वाटतं, आवंदा सुरू करत्याल. आमच्यापायी बंद ठेवलंय, आसं सांगत फिरता. आमाला कंदी इचारलंत?"

एकोणीस वर्षे ती माझ्याकडे कांडते आहे, आणि आज मी तिला पहिला प्रश्न विचारला होता. मला फार लाज वाटली.

मी निघालो तशी ती मागून म्हणाली, "कनी नि कोंडा आमचाच ऱ्हाईल, त्येवढं कागदावर लिवा. तोंडी नगं."

म्हणून लिहितो: भात इंजिनावर सडले तरी कणी व कोंडा बायकांचाच राहील. ही अट हरीवर व त्याच्या वारसांवर बंधनकारक आहे.

कलम पाचवे. ठमीला साक्षीदार करण्याची माझी इच्छा होती, पण ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये असा कायदा आहे. म्हणून ज्यांना या कागदाने काहीच मिळत नाही अशा मालोजीराव पाटलांना मुद्दाम बोलावणे धाडले. त्यांनी कलम चौथे दोनदा वाचले व हसू आवरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. इंजिनाच्या तेलाच्या भोकात बसलेले नऊ वर्षांचे हळदकुंकू काढायला ते आपला मिस्त्री पाठवणार आहेत. पेढ्यांबद्दलचा माझा राग मी मागे घेतो.

खाडाखोड. कलम चौथे यातील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी स्वतः खोडले असून त्या जागी 'उद्या सकाळी' असे लिहिले आहे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात 'उद्या सकाळी' बसत नाही. बसवावे.

मुक्काम भिसेगाव, मंगळवार, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८५३, तारीख १५ डिसेंबर १९३१.

सही: त्रिंबक भिकाजी दिघे (खाडाखोड मान्य)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. मालोजी सखाराम पाटील, साजगाव
२. गजानन लक्ष्मण टिपणीस, वकील, लोधिवली